जिभेची विचारपूस

कुत्रं पाळणाऱ्यांचे सरळसरळ दोन गट पडतात. कुत्रं तोंड चाटायला आलं की डोळे मिटून, हनुवटी वर करून त्याला खुशाल चाटू देणारे, आणि "ई, तोंड नको, तोंड नको" म्हणत मान फिरवणारे. मी दुसऱ्या गटातली. आमच्या बंड्याला हे पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे तो माझ्या तोंडाच्या वाटेला जात नाही, मनगट पकडतो. त्याची पद्धतही ठरलेली. आधी ओलं नाक टेकवून हुंगणार, मग जिभेचं नुसतं टोक लावून अंदाज घेणार. मी हात मागे घेतला नाही की मग अख्खी जीभ, रंगारी भिंतीवर ब्रश ओढतो तशी, मनगटापासून कोपरापर्यंत. मध्येच थांबून वर माझ्या तोंडाकडे बघणार आणि पुन्हा सुरू. घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा त्याच्या विशेष आवडीची, कारण तिथे घाम साचतो. हात धुऊन आले की त्याचा उत्साह निम्म्यावर येतो, त्यामुळे हे सगळंच निखळ प्रेम असावं असं मला वाटत नाही.

"पापी घेतोय, बघा किती माया!" असं पाहुणे म्हणतात. माया असेलही, पण या सवयीचं मूळ पोटात आहे. लांडग्यांच्या कळपात शिकार करून परतलेल्या मोठ्यांच्या तोंडाला पिल्लं झोंबतात, ओठांचे कोपरे चाटतात. त्यासरशी मोठे पोटातलं अर्धवट पचलेलं मांस ओकून त्यांच्यापुढे टाकतात. तेव्हा आपण दार उघडून आत येताच आपल्या तोंडापर्यंत उड्या मारणारं कुत्रं, त्याच्या पूर्वजांच्या हिशेबाने, "आज काय आणलंस? काढ बाहेर" असं विचारत असतं. पापी घेणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये.

अर्थात त्याच्याही आधी जीभ ही आईची असते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान, दोन्ही बंद. ते उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. आई चाटून त्याच्या अंगावरची पातळ पिशवी दूर करते, चाटूनच त्याचा श्वास सुरू करून देते. पहिले काही आठवडे तर आईने पोटाखाली चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही. दिसायच्या आणि ऐकू यायच्या आधी जगाची जी काही ओळख झाली ती जिभेनेच. मग मोठेपणी कुठलीही विचारपूस त्याने जिभेनेच केली तर नवल नाही. तू कुठे होतीस, काय खाल्लंस, बरी आहेस ना, रागावलीस का.

यातला शेवटचा प्रश्न आपण हमखास चुकीचा वाचतो. कुत्र्याला रागावलं की ते येऊन हात चाटतं आणि घरातले म्हणतात, "बघ, सॉरी म्हणतोय." त्याला आपला गुन्हा कळलेला असतोच असं नाही. आवाज चढलाय, वातावरण तापलंय, एवढं नक्की कळलेलं असतं. त्याची ती मनधरणी असते: तू मोठी, मी लहान, भांडण नको. घरात दुसऱ्याच कुणाचं वाजलं तरी बंड्या मध्ये येऊन दिसेल त्याचा पाय चाटू लागतो. कुत्री ताणात असली की स्वतःचेच ओठ चाटतात. माणसांचे रागावलेले चेहरे चित्रात दाखवले तरी ती असं करतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणून लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात घट्ट मिठी घालून बसलंय आणि कुत्रं त्याचं तोंड भराभर चाटतंय, असं दिसलं की मला मोबाइल काढून फोटो घ्यावासा वाटत नाही. कान मागे गेलेत का, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतायत का, मान वळतेय का, ते मी आधी बघते. बहुतेक वेळा ते चाटणं म्हणजे "बास, आता सोड" असतं, आणि हे न ऐकल्यास पुढची भाषा दातांची.

चाटणं अती झालं तर मात्र लाड बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सतत स्वतःचा एकच पंजा चाटणाऱ्या कुत्र्याला तिथे खाज तरी असते नाहीतर आत दुखत तरी असतं. फरशी, भिंत, सोफा चाटणाऱ्यांचं दुखणं बरेचदा पोटात निघतं. माँट्रियलच्या संशोधकांनी 2012 साली अशी 19 कुत्री तपासली तर 14 जणांना पोटाचा किंवा आतड्याचा विकार सापडला होता. आणि आपण मात्र "कंटाळा आलाय त्याला" म्हणून बॉल आणून देतो.

कुत्र्याच्या लाळेने जखम बरी होते हा समज फार जुना. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या मंदिरात कुत्र्यांच्या चाटण्याने रोगी बरे झाल्याचे शिलालेखच आहेत. लाळेत जंतूंना रोखणारे काही घटक असतात हे खरं, पण त्याच तोंडात इतर जंतूंचीही वस्ती असते. धडधाकट माणसाच्या शाबूत कातडीवर जीभ फिरली तर हात धुतले की झालं. जखम, डोळे, ओठ, तान्ह्या बाळाचं तोंड, प्लीहा काढलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं, इथे साफ नकार. अनोळखी कुत्र्याने उघडी जखम चाटली तर रेबीजच्या दृष्टीने ते चावण्याइतकंच गंभीर. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. उलटा धोका कुणाच्या लक्षातच येत नाही: गुडघ्याला चोळलेलं दुखण्याचं मलम कुत्र्याच्या पोटात गेलं तर ते त्याला भारी पडू शकतं.

एवढं करून नकोच असेल तर काय? ढकललं, ओरडलं, हसलं, तर त्याच्या लेखी ती तीनही उत्तरंच. विचारलं आणि उत्तर मिळालं, मग पुन्हा का विचारू नये? मी काही न बोलता उठून जाते, आणि ते शांत बसलं की स्वतःहून जाऊन पाठ खाजवते. सुरुवातीला चाटणं उलट वाढतं, तिथेच बरेच जण हार मानतात. टिकलं तर जमतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा. आमच्याकडे तो आजोबांपाशी मोडतो. दुपारी ते आरामखुर्चीत टेकले की बंड्या त्यांचा डावा कान मन लावून साफ करतो. आजोबा फक्त आधी श्रवणयंत्र काढून उंच फळीवर ठेवतात, कारण ते त्याला कानापेक्षाही चविष्ट लागतं.