सादळलेल्या पापडीवरची रेल्वे

नोव्हेंबर २००६ मध्ये जपानमधल्या एका रेल्वे कंपनीने वेबसाइटवर लोकांना गळ घातली: आमची सेंबेई विकत घ्या, गाड्यांच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचेत. सेंबेई म्हणजे तांदळाची भाजलेली खारी पापडी. पापड्या विकून डबे दुरुस्त करणाऱ्या चोशीच्या या गाडीवर माझा तेव्हापासून जीव आहे.

चोशी टोकियोच्या पूर्वेला, तोने नदी पॅसिफिकला मिळते तिथे. तिथून तोकावाच्या कोळीवाड्यापर्यंत ६.४ किलोमीटरची लाइन. स्टेशनं दहा आणि वीसेक मिनिटांत प्रवास खलास. लाइन एकेरी, त्यामुळे कासागामी-कुरोहाए स्टेशनात गाड्यांचं क्रॉसिंग होतं आणि टोकनची, म्हणजे पुढच्या मार्गाच्या परवान्याची, देवघेव होते. टोकन हाती आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आपल्याकडच्या एकेरी मार्गांवरही वर्षानुवर्षं चाललेला रिवाज. २०१० मध्ये आलेले डबे तर आधी टोकियोत केइओ रेल्वेकडे, मग शिकोकू बेटावर इयो रेल्वेकडे राबून आलेले. तिसऱ्या घरी आले तरी कामाला लागले!

गाव सोया सॉसचं. नाकानोचो स्टेशन यामासाच्या कारखान्याला अगदी खेटून आहे, आणि यामासा १६४५ पासूनची. कारखान्यात रुळांचा फाटा जायचा. १९२२ साली जर्मनीत बनलेलं एक छोटंसं विजेचं इंजिन वाघिणी ओढायचं. १९८४ मध्ये मालवाहतूक बंद झाली. प्रवासीही घटत गेले होते. कंपनीने १९७६ पासून स्टेशनात माशाच्या आकाराचे गोड ताइयाकी विकायला घेतले होतेच, १९९५ मध्ये त्यात नुरे-सेंबेईची भर पडली. भाजलेली पापडी गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवायची, म्हणजे ती मऊ, चिवट होते. आपल्या घरात सादळलेला पापड कुणी ताटात घेत नाही. इथे सादळवून पाकिटात भरतात आणि लोक मागून नेतात. एकेकाळी सॉसच्या कारखान्याचा माल ओढणारी रेल्वे आता सॉसमध्ये भिजलेल्या पापडीवर पोट भरते. हिशेबात तिकिटांपेक्षा खाऊचं उत्पन्न जास्त!

२००६ चं संकट मात्र गमतीचं नव्हतं. माजी अध्यक्षाला अफरातफरीच्या प्रकरणात अटक झालेली, कर्ज कोणी देईना आणि डब्यांची सक्तीची तपासणी दारात उभी. त्या विनंतीनंतर ऑर्डरींचा असा लोंढा आला की पापड्या करणाऱ्यांचे हात पुरेनात.

या लाइनला बंद पडण्याचं वावडं आहे असंही नाही. १९१३ मध्ये इथे पहिली गाडी इनुबोपर्यंत धावली होती. माणसंच बसेनात, त्यात पहिल्या महायुद्धामुळे लोखंडाला भाव आलेला. १९१७ मध्ये तेव्हाच्या कंपनीने गाडी बंद केली आणि रूळ उखडून विकले. व्यवहार म्हणून चोख, पण मला तो जरा कोरडाच वाटतो. आताची लाइन १९२३ ची, आणि तिचे मालक रूळ सोडून बाकी सगळं विकायला तयार दिसतात.

२०१८ मध्ये त्यांनी मक्याच्या कुरकुरीत कांड्या बाजारात आणल्या. नाव ठेवलं ‘माझुइ बो’, बेचव कांडी. खुलासाही त्यांनीच केला: कांडीची चव ठीक आहे, बेचव आहे ती आमची आर्थिक स्थिती. रडगाणं न गाता हात पसरणाऱ्या या कंपनीची कांडी मी नावासकट विकत घेईन, आणि वर एक पाकीट पापडीचंही.