स्टॉपच्या पाटीपुढे पूर्ण थांबा : नेरूळहून कॅलिफोर्नियात गाडी चालवायला जाणाऱ्यांसाठी

उन्हाळा आला की नेरूळ, सीवूड्स, ठाण्याचं घोडबंदर इथल्या सोसायट्यांमध्ये कोणी ना कोणी मुलांकडे अमेरिकेला निघालेलं असतं. भाजणी किती न्यायची, मेतकूट चालतं का, याची चौकशी सगळे करतात. तिथे आपण स्वतः गाडी चालवायची का, हा प्रश्न मात्र ‘मुलं नेतील-आणतील’ म्हणून बाजूला पडतो. मग मुलं कामावर गेली की दिवसभर घरात बसायचं. फ्रीमॉंटसारख्या गावात भाजीचं दुकानसुद्धा चालत जाण्याच्या अंतरावर असेलच असं नाही. मी ठरवूनच गेले होते की गाडी चालवायची. नातवाला शाळेत सोडण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी मुलगी, जावई, नातू यांना घेऊन मॉन्टेरेपर्यंत जाऊन आले. साठीच्या आसपासच्या, इथे रोज गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे. फक्त तयारी इथूनच करून निघायला हवी.

आधी कागदपत्रं. कॅलिफोर्नियात पाहुणा म्हणून आलेल्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच जा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, आणि भाड्याची गाडी घेताना काउंटरवरचा माणूस तो मागू शकतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज होतो, शुल्क १,००० रुपये. नवी मुंबईकरांना एमएच ४३चं आरटीओ, ठाणेकरांना एमएच ०४चं. हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला काही अर्थ नाही. आपलं लायसन्स मधेच संपत नाही ना, हे तिकीट काढतानाच बघा. मुलांची गाडी चालवणार असाल तर त्यांना त्यांच्या विमा कंपनीला आधी विचारायला सांगा : घरी राहायला आलेल्या पाहुण्याने चालवली तर विमा लागू होतो का, की नाव घालावं लागतं? संकोचामुळे हा फोन राहून जातो, तो राहू देऊ नका. तिथल्या दवाखान्याचं आणि दुरुस्तीचं बिल मुलांच्या डोक्यावर येतं.

आता मुख्य गोष्ट. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं अवघड जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण ते लवकर अंगवळणी पडतं. त्यासाठी एकच खूण पुरते : इथे काय आणि तिथे काय, ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलेला असतो. तिथे समोरासमोरची वाहतूक पिवळ्या रेषेने वेगळी केलेली असते, ती पिवळी रेषा आपल्या डाव्या खांद्याकडे राहिली पाहिजे. डावीकडे वळताना ही खूण फार उपयोगी पडते, कारण नेमकं वळल्यावरच सवयीने आपण चुकीच्या बाजूला शिरू शकतो. मारुती किंवा ह्युंदाई चालवणाऱ्यांच्या हाताला इंडिकेटरची दांडी उजवीकडे लागते, तिथे ती डावीकडे असते. सुरुवातीला वळणावर वायपर फिरतील. फिरू द्या, नजर रस्त्यावरून काढू नका.

खरी सवय बदलावी लागते ती स्टॉपच्या पाटीपुढे. लाल, आठ कोनांची पाटी. तशी ती आपल्याकडेही आहे, पण तिच्यापुढे कोणी थांबलेलं मी नेरूळच्या कुठल्याच सेक्टरमध्ये पाहिलेलं नाही. तिथे वस्तीतल्या रस्त्यांवर दर दुसऱ्या-तिसऱ्या चौकात ती उभी असते, सिग्नल क्वचित. पाटी म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, आणि तीही रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. वेग कमी करून, दोन्हीकडे बघून, हळूच पुढे सरकणं म्हणजे थांबणं नव्हे. रस्ता रिकामा असो, रात्रीचे अकरा वाजलेले असोत, नियम तोच. पकडलं तर अधिभार धरून दंड दोनशे डॉलरच्या वर जातो.

पूर्ण थांबलो हे कसं ओळखायचं? माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘आई, आकडे मोजत बसू नकोस. गाडी काय करते ते बघ.’’ ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक जरा खाली झुकतं आणि चाकं थांबली की गाडी हलकेच मागे येऊन बसते. पाठीला तो बारीकसा धक्का जाणवतो. तो जाणवला की थांबलात. मग आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, पण तिथे जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येते. जावई शेजारी बसलेले असले की न चुकता म्हणायचे, ‘‘आई, रेषा दिसली का? तिच्या आधी थांबा.’’ रेषेजवळ झुडूप किंवा उभी गाडी आड येत असेल तर आधी रेषेवर थांबायचं, मग हळूच पुढे जाऊन दिसेल तिथे पुन्हा बघायचं.

चारही बाजूंना स्टॉप असलेला चौक हा या सगळ्याचा गाभा आहे. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत जसा ज्याचा नंबर त्याने बसायचं, तसं इथे जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघं एकाच वेळी आले तर उजव्या हाताचा आधी. समोरासमोरचे दोघं एकाच वेळी आले आणि एकाला सरळ जायचंय, दुसऱ्याला डावीकडे वळायचंय, तर सरळ जाणारा आधी. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची हे आपल्याकडच्या नियमांतही आहे, आपण फक्त ते वापरत नाही. आपण चौकात अंदाजावर चालवतो : समोरच्याचा वेग, त्याची नजर, मधली फट. त्यालाही कौशल्य लागतं आणि तीनहात नाक्यावर रोज गाडी काढणाऱ्याच्या अंगी ते भरपूर असतं. पण तिथे ते कामाचं नाही. तिथला ड्रायव्हर तुमच्या वेगाचा अंदाज घेतच नाही, तुम्ही थांबणारच हे धरूनच तो निघतो. म्हणून तुम्ही सरकत राहिलात तर तोही गोंधळतो आणि मागचेही.

याची दुसरी बाजू आपल्या पाहुणचारी स्वभावाला जड जाते. तुमचा नंबर असताना ‘तुम्ही जा, तुम्ही जा’ असा हात करू नका. तुमच्या हाताकडे बघून एक जण निघतो, चौथ्या बाजूच्याला ते माहीत नसतं आणि तोही निघतो. नंबर आला की निघा. कोणी नंबर नसताना गेलाच तर जाऊ द्या, हॉर्न नको. तिथे हॉर्न रागाचा समजतात. अप्पर-डिपरचंही असंच आहे. आपल्याकडे दिवा मारला म्हणजे ‘मी येतोय, मधे येऊ नका’. तिथे बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा घेतला जातो. अर्थ असा उलटा असल्याने दिव्याच्या भरवशावर निघू नका आणि स्वतःही मारू नका.

सगळ्यांत धोक्याचा चौक तो, जिथे स्टॉप फक्त तुमच्या रस्त्याला आहे. आडव्या रस्त्यावरच्या गाड्या भरधाव जातात आणि त्यांनी थांबणं अपेक्षितही नसतं. तुमच्या पाटीखाली ‘ऑल वे’ अशी छोटी पट्टी असेल तर सगळे थांबणार. ती नसेल तर आडवे थांबणार नाहीत असं धरून चाला. कधी ‘क्रॉस ट्रॅफिक डझ नॉट स्टॉप’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. याशिवाय एक उपाय मला फार आवडला. पाटी आठ कोनांची असल्यामुळे ती मागूनही ओळखता येते. चौकात थांबलात की आडव्या रस्त्यावरच्या पाट्यांच्या पाठी बघा. आठ कोन दिसले तर त्यांनाही थांबायचंय. स्टॉपची पाटी १९१५मध्ये डेट्रॉईटला पहिल्यांदा लागली. पुढे बरीच वर्षं ती पिवळी होती, न उडणारा लाल रंग मिळाल्यावर १९५४पासून लाल झाली. रंग बदलला, पण आठ कोन राहिले, आणि रात्री अनोळखी चौकात त्याच आकाराचा आधार वाटतो.

सिग्नलवर लाल दिवा लुकलुकत असेल तर तो स्टॉपच समजायचा. वीज जाऊन सिग्नल पूर्ण बंद असेल तर कॅलिफोर्नियात तो चौक चारही बाजूंनी स्टॉप असल्यासारखा. लाल सिग्नलला उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून, पादचारी आणि गाड्या बघून, आणि तशी मनाई करणारी पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात पाटीने परवानगी दिलेली नसेल तर हे चालत नाही, तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

शाळेच्या रस्त्यावर मी सगळ्यांत जास्त शिकले. मुलं ये-जा करत असताना तिथे वेग ताशी २५ मैल, म्हणजे आपले ४०. चौकात पिवळं-हिरवं जाकीट घातलेले एक वयस्कर गृहस्थ हातात स्टॉपची छोटी पाटी घेऊन उभे असत. ते रस्त्यात उतरले की सगळ्या गाड्या थांबत. मुलं पलीकडे पोचली तरी कोणी निघत नसे. ते स्वतः परत फुटपाथवर चढले, हात खाली केला, की मगच गाड्या हलत. पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर मागच्यांनीच नव्हे, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मधे दुभाजक असेल किंवा दोन्ही दिशांना दोन-दोन लेन असतील तरच समोरच्यांना सूट. मला विचाराल तर संशय असेल तेव्हा थांबाच. आणि नातू आठ वर्षांच्या आतला असेल तर मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत. मांडीवर घेणं नाही, ‘एवढ्यात तर जायचंय’ हेही नाही. उंची चार फूट नऊ इंच झाली असेल तरच त्या खुर्चीतून सुटका.

मॉन्टेरेला आम्ही १०१ हायवेने गेलो. गिलरॉयजवळ खिडकी उघडली की लसणाचा वास येतो. तिथून १५६ने कॅस्ट्रोव्हिलकडे आणि मग एक नंबरच्या रस्त्याने समुद्र उजवीकडे ठेवून खाली. हायवेला लागताना काही रॅम्पवर छोटे सिग्नल असतात, एका हिरव्याला एकच गाडी. तिथेही पाळीच. रॅम्पवर मात्र बिचकू नका, हायवेच्या वेगाला पोचूनच आत शिरायचं. सायन-पनवेलला आपण जसे हळूहळू कडेने घुसतो तसं तिथे धोक्याचं आहे. हिऱ्याची खूण असलेली लेन कारपूलची, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठीची, वेळ आणि किती माणसं लागतात ते पाटीवर वाचा.

पेट्रोल स्वतः भरायचं. पंपावर कार्ड घातलं की पत्त्याचा पिन कोड मागतात आणि आपल्या कार्डाला तो जुळत नाही. आत जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगा, उरलेले पैसे परत होतात.

मॉन्टेरेजवळच्या कार्मेलला मी पुन्हा जाईन. उतारावरून ओशन अव्हेन्यू थेट समुद्राकडे जातो, चौकाचौकात स्टॉप आणि पायी फिरणाऱ्यांची गर्दी. एक चौक ओलांडायला वेळ लागतो, कारण फुटपाथच्या कडेला माणूस उभा दिसला की गाड्या थांबतात. मी थांबले तेव्हा एक आजी काठी टेकत निवांत पलीकडे गेल्या. मागच्या गाड्यांपैकी कोणीही हॉर्न वाजवला नाही. आपल्या वाशी स्टेशनबाहेर अशा वयाच्या बाईने रस्ता ओलांडायचा म्हणजे कुणाचा तरी हात धरावा लागतो, याचं मला तिथे मनापासून वाईट वाटलं. पार्किंग करताना फुटपाथच्या कडेचा रंग बघा : लाल म्हणजे उभंच राहायचं नाही, निळा अपंगांसाठी, हिरव्यावर ठरावीक वेळ. २०२५पासून झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे वीस फुटांत गाडी लावण्यावर कॅलिफोर्नियात दंड आहे, कड रंगवलेली नसली तरी.

मागे लाल-निळे दिवे लागले तर उजवीकडे घेऊन थांबा आणि गाडीतच बसून राहा. आपण इथे कागद घेऊन उतरतो, हवालदारसाहेबांशी बोलायला जातो. तिथे उतरणं धोक्याचं समजतात. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि कागद काढायच्या आधी ‘काढते’ म्हणून सांगायचं. रुग्णवाहिका किंवा बंबाचा सायरन ऐकू आला तरीही उजव्या कडेला घेऊन पूर्ण थांबायचं.

सराव इथे होतो. रविवारी सकाळी लवकर, नेरूळच्या आतल्या सेक्टरमधले सिग्नल नसलेले चौक घ्या आणि प्रत्येकाला पूर्ण थांबा. आधी आरशात बघा, कारण रिकाम्या चौकात तुम्ही थांबाल हे मागच्या रिक्षावाल्याच्या ध्यानीमनी नसतं. ब्रेक लवकर आणि हळू दाबा, म्हणजे दिवा त्याला दिसेल. पाम बीचला हा सराव करू नका, तिथला वेग त्यासाठी नाही. गिअरची गाडी चालवणाऱ्यांनी कुणाची तरी ऑटोमॅटिक घेऊन बसा आणि डावा पाय बाजूला ठेवायची सवय लावा.

परत आल्यावर विमानतळावरून स्वतः गाडी आणू नका. झोप उलटी झालेली असते आणि मान आधी डावीकडे वळते. एक-दोन दिवस सोसायटीच्या आसपासच चालवा, सकाळी, कोणाला तरी शेजारी बसवून.