समुद्राचा खरीप हंगाम

मस्कतला राहून आम्हाला नऊ वर्षं झाली, दर जुलैला ओळखीतलं कोणी ना कोणी सलालाहून, म्हणजे ओमानच्या दक्षिणेकडच्या शहरातून परत येतं, मोबाइलवर धुक्याचे फोटो दाखवतं, आणि माझं दरवेळी एकच म्हणणं, मी वेंगुर्ल्याची, मला पाऊस आणि हिरवळ बघायला हजार किलोमीटर कशाला जायचंय. यंदा लेकीने हट्टच धरला म्हणून जुलैच्या शेवटी निघालो. आता येऊन चार दिवस झालेत तरी डोक्यातून समुद्र जात नाहीये म्हणून लिहायला बसले. डोंगर, धबधबे सगळं छान आहेच, पण त्याच्यावर खूप जणांनी लिहिलंय, मी समुद्राबद्दलच लिहिणार.

रस्ता सरळसोट. आदम, हैमा, कितबित, मग थुमरैत. दोन्ही बाजूंना नुसतं सपाट वाळवंट, मधेच उंट, गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान ४४. थुमरैत सोडून डोंगर उतरायला लागलो आणि एका वळणावर समोर पांढरी भिंत उभी, तिच्यात गाडी शिरली आणि नवऱ्याने वायपर लावला. अर्ध्या तासात काटा २५ वर. काच खाली केली तर आत आला तो थेट आमच्या घरामागच्या परसाचा वास, ओल्या मातीचा. खाली सलालात रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया मांडलेले स्टॉल, मागे माड, विकणारे बरेचसे मल्याळी. कडक चहा घेऊन तिथूनच आईला फोन लावला. आईचा पहिला प्रश्न, "पाऊस कसो आसा गो थंय?" आता काय सांगणार. पाऊस म्हणावा तर तो पडत नव्हता, नुसता हवेत होता. चेहरा ओला होतो पण पागोळी म्हणून एक नाही.

इथे या हंगामाला खरीफ म्हणतात, साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर. आपला खरीप तो हाच शब्द, अरबीतूनच आपल्याकडे आलेला. वाराही तोच. सोमालियाच्या किनाऱ्यावरून उठून अरबी समुद्र ओलांडून सह्याद्रीला धडकणारा, १९६९ साली फाइंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने त्याचा जोरदार पट्टा दाखवून दिला म्हणून त्याला फाइंडलेटर जेट म्हणतात. तोच वारा सलालाच्या समोरून जातो आणि सलालाला वर्षाचा पाऊस सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि वेंगुर्ल्याला ३००० च्या घरात. असं का, हे मला मिरबातला पाय पाण्यात घातल्यावर कळलं.

मिरबात सलालाच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर, जुनं बंदर आहे. होड्या वाळूत वर ओढून ठेवलेल्या, जाळी झाकलेली, अगदी आमच्याकडे जून-जुलैला असतात तशीच. बाहेर लाटा अशा की पाण्यात उतरायची कोणाची हिंमत होणार नाही, पण खडकांच्या आड एक छोटी खाच आहे तिथे पाणी थोडं शांत होतं, तिथे आम्ही कडेलाच घोट्यापर्यंत पाय घातले. आणि पटकन काढले. गार! पाय बधिर झाले हो. लेकीने तिच्या फिशटँकचा थर्मामीटर आणला होता, तो धरला तर २०. निघायच्या आधी मस्कतच्या कुरुम बीचवर तिने मुद्दाम मोजलं होतं तेव्हा ३२ होतं. म्हणजे आम्ही दक्षिणेला, विषुववृत्ताच्या दिशेने हजार किलोमीटर आलो आणि समुद्र बारा डिग्रीने गार झाला.

होतं काय की हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, नैऋत्येकडून ईशान्येकडे. पण पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात ते वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, आणि इथे उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे. वरचं गरम पाणी असं किनाऱ्यापासून दूर ढकललं गेलं की त्याची जागा भरायला खालचं पाणी वर येतं, ते गार असतं आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असं वर्षानुवर्षं खाली साठलेलं खत असतं. गार पाण्यावरून दमट हवा गेली की धुकं धरतं, वरून वाळवंटाची कोरडी गरम हवा झाकण लावून बसते, त्यामुळे ढग वर चढतच नाही, डोंगराला चिकटून नुसता ठिबकतो. पुढे तोच वारा गरम समुद्रावरून बाष्प पीत पीत आपल्याकडे येतो आणि घाटाला आपटून कोसळतो. बरं, इथे वर आलेल्या त्या खताचं काय होतं? तेच तर बघायचं होतं मला.

माझ्याकडे फोल्डस्कोप आहे, कागदाची घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी काढलेला, साधारण १४० पट मोठं दिसतं. आणि जाळं घरचंच, बांगडीएवढ्या तारेच्या कड्याला नायलॉनचा पायमोजा शिवलाय आणि खाली औषधाची छोटी बाटली बांधलीय. ते त्या खाचेत पंधरा-वीस मिनिटं ओढलं. एरवी मस्कतला एवढं ओढल्यावर बाटलीत पाणी जसंच्या तसं असतं, इथे तपकिरी-हिरवट झालं, मुगाच्या कढणासारखं, आणि पायमोजा हाताला बुळबुळीत. वास तर असा की ज्याला आपण समुद्राचा वास म्हणतो तोच पण दसपट. तो वास खरं तर प्लवकांचाच, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, त्यांच्या पेशीतला एक गंधकाचा पदार्थ बॅक्टेरिया तोडतात तेव्हा सुटणारा वायू.

हॉटेलवर येऊन एक थेंब काचेवर घेतला. फोकस जमेना, मग एकदम जमला आणि मी श्वास रोखून बसले. माळाच माळा. एकाला एक जोडलेल्या चौकोनी डब्या आणि प्रत्येक डबीच्या चारी कोपऱ्यांतून केसासारखे लांब काटे, हे कीटोसेरॉस. मधेच काचेच्या सुया, मधेच एक गोल चकती, तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी आणि आत सोनेरी ठिपके. हे डायटम, एकपेशीय शेवाळं. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण खरंच करंडाच आहे तो, काचेचा, एक अर्धं दुसऱ्यावर झाकणासारखं बसलेलं, आणि ती काच ते समुद्रातल्या सिलिकापासून स्वतः बनवतात. लेक म्हणाली, "आई, हे जिवंत आहेत?" तेवढ्यात एक कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतला बारीक प्राणी, झटका मारून गेला, शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या. एका थेंबात गवतही होतं आणि चरणारं गुरूही. त्या रात्री आम्ही बाहेर जेवायला गेलोच नाही.

म्हणजे वर डोंगरावर खरीप आणि खाली समुद्रातही खरीपच. वारा नांगरतो, खत वर येतं, पीक उभं राहतं, फक्त हे पीक एकपेशीय आहे. आणि ते खायला येतात तारले. ओमानच्या किनाऱ्यावरचा तारला आणि आपल्या बाजारात येणारा तारला एकच, सार्डिनेला लाँजिसेप्स. इथे तो किनाऱ्यावर वाळत घालतात आणि उंटा-गुरांना चारा म्हणून घालतात. तारल्यांच्या मागे सुरमई. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हंपबॅक देवमासे. जगातले बाकीचे हंपबॅक खायला ध्रुवांकडे जातात आणि पिल्लं घालायला गरम पाण्यात येतात, अरबी समुद्रातले मात्र ध्रुवांकडे जातच नाहीत, कारण खाणं इथेच मिळतं. आता शंभरसुद्धा उरले नसतील असा अंदाज आहे. २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव लुबान, म्हणजे आपला धुपाचा लोबान, धोफारच्या, म्हणजे सलालाच्या भागातल्या डोंगरात त्याचीच झाडं आहेत. ही लुबान इथून निघून सरळ समुद्र ओलांडून आपल्या देशाच्या दक्षिण टोकाशी जाऊन आली. आम्हाला काही देवमासा दिसला नाही, मिरबातच्या दगडावर तासभर बसून होतो तरी.

मिरबातच्या पुढे सादाहच्या वाटेवर एका किनाऱ्यावर जाड तपकिरी पट्ट्या वाहून आल्या होत्या, चामड्यासारख्या, हात हात लांब. ते केल्प, एक्लोनिया. हे खरं तर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा थंड पाण्यातलं शेवाळ, ते इथे सापडतं म्हणजे नवलच. गरम समुद्रातली प्रवाळं आणि थंड समुद्रातलं केल्प एकाच खडकावर, पावसाळ्यात केल्प माजतं, हिवाळ्यात पाणी गरम झालं की झडून जातं. मी एक पट्टी हातात घेऊन किती वेळ उभी होते, नवरा गाडीतून हॉर्न देतोय.

आता रब्बीचं सांगते, कारण ते नाही सांगितलं तर हे अर्धवट राहील. अरबी समुद्रात उत्तरेला हिवाळ्यातही एक पीक येतं. ईशान्येची कोरडी गार हवा वरचं पाणी थंड करते, ते जड होऊन खाली बसतं, घुसळण होते आणि खत पुन्हा वर. पूर्वी याही पिकात डायटम असायचे. पण गेली वीसेक वर्षं फेब्रुवारीच्या सुमाराला मस्कतचा समुद्र हिरवा होतो, म्हणजे खरोखर पालकाच्या सुपासारखा, आणि रात्री लाट फुटली की निळी चमकते. ते नॉक्टिल्युका. एक पेशी पण साबुदाण्याच्या बारीक कणीएवढी, नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि तिच्या पोटात हजारो हिरवी शेवाळं राहतात, ती तिला अन्न करून देतात आणि शिवाय ती स्वतः डायटम गिळते ते वेगळंच. म्हणजे पीक खाणारं तण. माशांना ती फारशी चालत नाही, तिच्यावर जगतात ते सॅल्प (जेलीसारखे पारदर्शक प्राणी) आणि जेलीफिश. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (एनआयओ) काम केलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी यावर बरंच काम केलंय. २०१४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला, नंतर हिमालयातला बर्फ कमी झाल्याने हिवाळी वारे गरम-दमट झाले त्याच्याशीही. सगळे शास्त्रज्ञ ह्या कारणांवर सहमत नाहीत. पण पाणी हिरवं होतं ते आम्ही दरवर्षी बघतो.

कमी ऑक्सिजन हे मात्र जुनंच दुखणं. एवढं पीक येतं ते सगळं काही खाल्लं जात नाही, उरलेलं खाली बसतं, कुजतं, बॅक्टेरिया ते खाताना ऑक्सिजन संपवतात. साधारण दीड-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत अरबी समुद्रात श्वास घ्यायला जवळपास काही नाही, तिथले सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात. १९३३-३४ साली इजिप्तच्या माबाहिस बोटीवरून गेलेल्या मोहिमेलाही इथे हे बिनऑक्सिजनचं पाणी लागलं होतं. ओमानच्या आखातात पाण्याखालून फिरणारे रोबो सोडले होते, त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले तर हा पट्टा स्कॉटलंडहून मोठा निघाला. मिरबातच्या दगडावर बसून लाटांकडे बघताना हे आठवलं की पोटात कसंतरी होतं. ज्या पाण्याने तारला जगतो त्याच पाण्याच्या खाली हे.

शेवटच्या दिवशी मुघसैलला गेलो, तिथे खडकात भोकं आहेत त्यातून लाट फवारा मारून वर येते, लोक ओरडत भिजत होते, आमची लेकसुद्धा. खाली पाण्यावर पिवळट जाड फेस होता, साबणासारखा हलत नव्हता, चिकट. कोणीतरी म्हणालं घाण आहे. मी लेकीला सांगितलं की घाण नाही ती, फुटलेल्या पेशींचा चीक आहे, आपण थेंबात बघितले ना तेच. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने तिथेच परत ओतलं.

संध्याकाळी आईचा फोन. "हंय समुद्र खवळलो आसा, होडये नारळी पुनवेक भायर पडतले. तारले दिसले काय थंय?" म्हटलं, पाण्यात नाही दिसले पण त्यांचं खाणं बघितलं. आई जरा थांबली आणि म्हणाली, "मगे येतले."

परत मस्कतला आल्यावर त्याच रात्री लेक म्हणाली इथलंही बघूया. कुरुमला गेलो, पाणी ३३, दिवसा निळंशार असतं ते पाणी, पर्यटकांना आवडतं तसं. तोच पायमोजा, तितकीच मिनिटं. घरी येऊन थेंब लावला. बराच वेळ काहीच नाही, मग एका कडेला एकच कोपेपॉड, तोही रिकामाच इकडून तिकडे जात होता. अशा उपाशी पाण्यात प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीव असतो, एका मिलिमीटरमध्ये हजारापेक्षा जास्त मावतील इतका बारीक, तो काही फोल्डस्कोपला दिसत नाही. लेकीने तरी तीन थेंब तपासले.