धाटाची गाडी

रब्बीची ज्वारी निघाली की आमच्याकडे शेताशेतांत कडब्याची बुचाडे उभी राहतात. मोठ्यांच्या लेखी ती जनावरांची वर्षभराची वैरण असते. पण परीक्षा आटोपून नातवंडे गावी आली, की त्यातल्या एखाद्या पेंढीला वेगळेच गिऱ्हाईक मिळते. आबा ती सोडतात, त्यातली जाड, सरळ आणि लांब पेऱ्यांची धाटे निवडून ओसरीवर आणतात आणि नातवाला शेजारी बसवून घेतात.

मराठवाड्याच्या खेड्यात वाढलेल्या आणि साठी ओलांडलेल्या बहुतेकांना धाटाची बैलगाडी करता येते. धाटात दोन्ही सोयी आयत्याच असतात: बाहेर चिवट साल आणि आत मऊ, हलके भेंड. साल नखाने उचलून सरळ ओढली की तिच्या काड्या होतात, भेंडाचे हवे तसे तुकडे पडतात, आणि काडीचे टोक भेंडात खुपसले की सांधा तयार होतो. त्याला खिळा लागत नाही, डिंकही लागत नाही. चाक फिरते ठेवायचे असेल, तर आसाच्या जागी बाभळीचा लांब, पांढरा काटा घालतात. धाट ओले असेल तर भेंड चिकट लागते, फार वाळले असेल तर साल कडाकडा मोडते. त्यामुळे कोणते धाट घ्यायचे हे हाताने दाबून पाहण्यातच निम्मी विद्या आहे आणि ती सांगून येत नाही. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलायचे आबांनी आणि खुपसायचे नातवाने, अशी वाटणी कोणी न ठरवताच होऊन जाते.

यंदा मात्र गाडीची चाके झाल्यावर नातवाने बेत बदलला. “आबा, बैल नकोत. आपण जेसीबी करू.” मला वाटले, आबा हिरमुसतील. त्यांनी हातातले धाट खाली ठेवले आणि विचारले, “करू की. पण त्याचा हात कुठं कुठं वाकतो, ते आधी सांग मला.” पोराने कोपर, मनगट दुमडून सगळे सांधे दाखवले, आबांनी प्रत्येक सांध्यात एकेक काटा घातला, आणि पुढचे खोरे कसे उपडे व्हावे यावर दोघांचा जेवणाची हाक येईपर्यंत वाद चालला. ज्याला वस्तू माहीत आहे आणि ज्याला धाट माहीत आहे, असे दोघे एकत्र बसले होते. त्यात शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

याच्या शेजारी आमचे, म्हणजे मधल्या पिढीचे, कार्यानुभवाचे प्रकल्प आठवले की हसू येते. रात्री अकरा वाजता थर्माकोल कापत बसलेली आई, झोपलेले मूल आणि सकाळी वर्गात मिरवणारा सुबक किल्ला. आम्हाला वस्तू पुरी झालेली हवी असते, तीही वेळेत. आजी-आजोबांना ती घाई नसते. अर्धी गाडी आठवडाभर कोनाड्यात पडून राहिली तरी त्यांचे काही बिघडत नाही.

अडचण आहे ती मालाची. लातूर-धाराशिवकडे सोयाबीनने खरिपातली ज्वारी जवळजवळ हटवली आहे, आणि सोयाबीनच्या काडाचे खेळणे होत नाही. रब्बीची उंच मालदांडी टिकून आहे, तोवर ठीक.

पोळ्यासाठी मातीचे बैल करतानाही असाच माल पारखावा लागतो. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून तडकते, म्हणून नुसत्या शेतमातीच्या बैलाची शिंगे सणाआधीच गळतात. आबा तळ्यातला गाळ चाळून रात्रभर भिजवतात, त्यात थोडा पिंजलेला कापूस मळतात आणि बैल सावलीत वाळवतात. प्राचीन तगर म्हणजे आजच्या तेरला सापडलेल्या सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात मुलांना दाखवायला नेले होते, तेव्हाही आबा काचेला नाक लावून तडे शोधत होते.

आज्जीचे खाते वाकळेचे. जुन्या सुती लुगड्यांचे थर अंथरून ती कडेने धावदोरा घालत आत आत सरकते आणि नात सुया ओवून देते. नातीला तिच्या लहानपणीच्या टी-शर्टाचे, मांजराचे चित्र असलेले ठिगळ बरोबर मधोमध हवे होते. ते कापड ताणते, टाका आवळतो आणि वाकळ तिथे गोळा होते, असे आज्जीचे म्हणणे. बऱ्याच घासाघिशीनंतर मांजर पायाकडच्या कोपऱ्यात बसले आणि त्यावरचे टाके नातीने स्वतः घातले, बोट-बोट लांबीचे आणि तिरके. ते उसवून नीट घालावेत, असे तिच्या आईने दोनदा सुचवून पाहिले. आज्जीने सुई ठेवून डबा बंद केला आणि विषय पावसावर नेला.