मागावं लागत नाही तेव्हा

बुधवार, रात्री

दुपारी घरात एकटीच होते आणि फोन हातातून निसटून पलंगाखाली, पार भिंतीपर्यंत गेला. माझ्या मदतनीस कुत्रीला, मेपलला म्हटलं, "गेट," म्हणजे आण. ती पोटावर सरपटत आत गेली आणि फोन ओठांत अलगद धरून बाहेर आली. "लॅप" (मांडी) म्हटल्यावर पुढचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर टेकवले आणि "गिव्ह" (दे) ऐकेपर्यंत फोन सोडला नाही. ओला फोन ओढणीला पुसून मी सांगलीला आईला लावला.

मेपल यायच्या आधी असा पडलेला फोन निखिल ऑफिसमधून येईपर्यंत तिथेच राहायचा. किल्ली, रिमोट, गोळ्यांची पाकिटं, सगळ्याचं तेच. मणक्याला इजा होऊन पाय गेले, याचं दुःख लोकांना कळतं. दिवसभर मागत राहावं लागतं, ते कळत नाही. "जरा ते देतोस का?" हे किती वेळा म्हणायचं? निखिलच्या कपाळावर कधी आठी आली नाही, तरी जीभ अडते. मग तहान लागली तरी गप्प बसायची सवय होते. माझी झाली होती.

आता फ्रिजच्या दाराला जुन्या पंच्याची पट्टी बांधली आहे, ती ओढून मेपल दार उघडते. रात्री मोज्याचं टोक दातांत पकडून मोजा काढते, आणि बोटांना दात लागू देत नाही. माझ्या पायांना संवेदना नाही. जखम झाली तर मला ती बघितल्याशिवाय कळायची नाही, म्हणून तिचं हे जपणं फार मोलाचं आहे.

बॉनी बर्गिन यांनी १९७५ मध्ये इथेच कॅलिफोर्नियात, सांता रोझाला 'कॅनाइन कम्पॅनियन्स' ही अपंगांसाठी मदतनीस कुत्रे तयार करणारी संस्था सुरू केली. पुढच्या वर्षी केरी नॉस या व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणीला त्यांचा पहिला कुत्रा मिळाला, अब्दुल. त्याच संस्थेतून मेपल माझ्याकडे आली, एक पैसाही न घेता. पिल्लू असताना साधारण दीड वर्षं तिला एका स्वयंसेवक बाईंनी घरी वाढवलं, मग प्रशिक्षकांनी शिकवलं. समारंभात दोरी माझ्या हातात देताना त्या बाई रडत होत्या, आणि रडता रडताच तिला कानामागे नेमकं कुठे खाजवलेलं आवडतं ते दाखवत होत्या. त्यांचं ऋण कसं फेडू?

बाहेर पडलं की वेगळाच फरक दिसतो. १९८८ मध्ये संशोधक लिनेट हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या मागून चालत त्यांचे निरीक्षक नोंदी करत होते: समोरून येणारा हसतो का, बोलतो का, की नजर चुकवतो? सोबत कुत्रा असला की हसणारे आणि बोलणारे वाढले. मला हे रोज दिसतं. बरं वाटतं, रागही येतो. माझ्याशी बोलायला कुत्र्याचं निमित्त का लागावं? पण पलीकडचे आजोबा आधी फक्त मेपलशी बोलायचे, आता तास-तासभर माझ्याशी टोमॅटोच्या रोपांवर बोलतात.

दुकानाच्या दाराशी मात्र अजून अडवतात. परवा किराणा दुकानात सर्टिफिकेट मागितलं. इथल्या कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कागद मागता येत नाही. तसं सांगितलं, आत गेले, कढीपत्ता घेतला.

मेपल आता नऊ वर्षांची होईल. जिना चढताना थांबते. तिला कामातून मोकळं करायची वेळ जवळ आली आहे. नंतरही ती आमच्याकडेच राहणार, हे आमचं ठरलेलं आहे. दुसऱ्या कुत्र्यासाठी थांबावं लागतं, म्हणून अर्ज आत्ताच भरायला घेतला. कोणत्या कामांत मदत लागते, त्या रकान्यात मोजे, फ्रिज आणि दिव्याचं बटण एवढं लिहून झालं. उरलेलं उद्या निखिलबरोबर बसून लिहीन.