अंगठ्याला कळतं

मालिश म्हटलं की आपल्याला आधी तेल आठवतं. दिवाळीचं अभ्यंग असो, बाळंतिणीकडे येणारी मालिशवाली असो, नाही तर चौपाटीवर बाटल्या खणखणवत फिरणारा तेलवाला असो, तेलावाचून पान हलत नाही. तुईना या चिनी मालिशात मात्र तेलाचा थेंब नसतो. कपडेही अंगावरच असतात. अरुंद टेबलावर पालथं पडायचं, टेबलाला असलेल्या भोकात तोंड घालायचं. मग पाठीवर धुतलेली सुती चादर पडते आणि त्या चादरीवरूनच काम सुरू होतं. नवख्याला वाटतं, हे मालिश करताहेत की आपल्याला इस्त्री? पाच मिनिटांत अंगठा खांद्यात रुतला की शंका फिटते.

नोकरीच्या निमित्ताने शांघायला राहत होते तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असं एक दुकान होतं. चार टेबलं, एक पंखा, भिंतीवर दाबायच्या सगळ्या बिंदूंसकट माणसाचा नकाशा आणि बाहेर पाटी: 'मांगरन आनमो', म्हणजे अंधांकडून मालिश. (नकाशा अर्थातच गिऱ्हाइकांसाठी.) अशा पाट्या चीनच्या शहराशहरांत दिसतात. 1950 च्या दशकापासून तिथल्या सरकारने अंधांना हे शिक्षण पद्धतशीर द्यायला घेतलं. बीजिंगचं मसाज हॉस्पिटल 1958 चं, आणि तिथले कितीतरी डॉक्टर स्वतः अंध आहेत. आपल्याकडे अंधांचं काम म्हटलं की अजून वेताच्या खुर्च्या, टेलिफोन ऑपरेटर, नाही तर गाणं. तिकडे पाठदुखी.

मी ज्यांच्याकडे जायचे त्यांना सगळे नुसतं 'शिफू' म्हणत, आपण कसबी कारागिराला उस्ताद म्हणतो तसं. पन्नाशीचे, बुटके, मनगटं मात्र पैलवानाची. त्यांचा फोन त्यांना मेसेज वाचून दाखवायचा तो इतक्या भरधाव, की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजींनाही त्यातलं अक्षर कळत नसे. शिफू काम न थांबवता ऐकायचे, हसायचे. पहिल्याच दिवशी काही विचारायच्या आत त्यांचा अंगठा माझ्या उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला गेला आणि एका गाठीवर थांबला. ती तिथे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "दिवसभर माऊस धरता. आणि फोन डाव्या खांद्यात अडकवून बोलता." दोन्ही खरं होतं.

हे काही चमत्कार नव्हेत, हा रियाज आहे. तुईना शिकणाऱ्याला सुरुवातीला माणूस मिळत नाही, तांदळाची किंवा वाळूची पिशवी मिळते. शांघायच्या दिंग जीफंग यांनी गेल्या शतकात बसवलेली एक पद्धत आहे, गुन्फा. हाताची करंगळीकडची पाठ रुग्णावर टेकवायची आणि मनगट पुढे-मागे लोळवत राहायचं, मिनिटाला 120 ते 160 वेळा. लय तुटता कामा नये आणि हात घसरताही कामा नये. घरी पाच मिनिटं करून बघा, दुखणं तुमच्याकडे येईल. बिंदू शोधायचं मापही गमतीचं आहे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, बाहेरच्या अंगाला 'झूसानली' हा बिंदू. ती चार बोटं रुग्णाचीच धरायची, वैद्याची नाहीत. आयुर्वेदातही शरीर मोजायचं ते ज्याच्या त्याच्या अंगुळांनीच, म्हणून हे मला लगेच पटलं.

डोळसांनी हे काम करावं की नाही, यावर पूर्वेकडे खटले चालले आहेत. दक्षिण कोरियात मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीनांना. 2006 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली तेव्हा अंध मालिशवाले रस्त्यावर उतरले, काहींनी हान नदीत उड्याही घेतल्या. संसदेने कायदा पुन्हा आणला आणि 2008 च्या ऑक्टोबरअखेर त्याच न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच सुमाराला तैवानच्या न्यायालयाने मात्र तिथलं असलंच आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. दोन्हीकडची बाजू समजते, पण माझा कल कोरियाकडे. शिफूंना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. चीनमध्ये आरक्षण नाही. समोरच्याच रस्त्यावर सोफे, चहा आणि कलिंगडाच्या फोडी देणारी डोळसांची चकचकीत दुकानं होती. "उघडू देत की," म्हणाले, "पाठी कुठे कमी आहेत?"

आता राहिला फायद्याचा प्रश्न. मान वळवून मागे बघता यायचं, झोप गाढ लागायची, आणि हे काही दिवस टिकायचं. पुढे पुन्हा तोच कॉम्प्युटर. मालिशने कंबरदुखी थोड्या काळासाठी कमी होते असं अभ्यासही सांगतात; लांबच्या पल्ल्याचा पुरावा तोकडा आहे. तुईनाच्या शास्त्रात प्राणशक्ती अंगभर ज्या वाटांनी फिरते म्हणतात, त्या शरीर फाडून पाहणाऱ्यांना कधी सापडल्या नाहीत. त्यामुळे पचनापासून वंध्यत्वापर्यंत सगळं बरं करू म्हणणाऱ्या पाटीखालून मी मुकाट पुढे जाते. शिफूंचंही एक ठरलेलं निदान होतं: "अंगात दमटपणा फार आहे." मुंबईत वाढलेल्या बाईच्या अंगात दुसरं काय असणार! उपाय, गरम पाणी प्या. सर्दी असो की गुडघा, चीनमध्ये गरम पाणी प्या.

एका गोष्टीला मात्र मी शेवटपर्यंत नाही म्हटलं. सगळं झालं की ते हनुवटीखाली हात घालून विचारायचे, "मान मोडून देऊ?" कडकन आवाज आला की लोकांना बरं वाटतं, हे मान्य. पण मानेला असा झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, विरळ असली तरी. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पायात रक्ताची गुठळी असेल, तर या टेबलावर चढण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. माझी मान आहे तशी राहू द्या म्हटल्यावर शिफू नाराजीने जीभ चुकचुकवायचे आणि पैसे तेवढेच घ्यायचे.