तिसरे पिंप

गॅरेजमध्ये निघणारे जळके ऑइल गोळा करून ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण प्रकल्पाकडे पाठवणाऱ्या गाडीवर मी नमुने तपासण्याचे काम करतो. बाहेरच्या माणसाला हे पिंपे उचलण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात नकार देण्याचा भाग मोठा आहे, आणि गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका गॅरेजात मी दिलेला नकार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या मिस्त्रींनी आम्हाला स्वतःहून फोन केला होता. असे क्वचितच घडते. दुचाकीचे लिटरभर, मोटारीचे तीन-चार लिटर असे साठवत 200 लिटरचे पिंप भरायला लहान गॅरेजला बराच काळ लागतो, आणि त्याआधीच सेंटरिंगवाले फळ्यांना लावण्यासाठी किंवा वीटभट्टीवाले जाळण्यासाठी रोख पैसे मोजून ते घेऊन जातात. या मिस्त्रींनी मात्र तिन्ही पिंपे छपराखाली, झाकणे घट्ट लावून ठेवली होती. जुने फिल्टरही ते टोचून, रात्रभर उपडे ठेवून निथळून घेत. इतकी शिस्त मी मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्येही फारशी पाहिलेली नाही.

इंजिनात तेल संपत नाही, मळते. त्यातील ॲडिटिव्ह, म्हणजे गुण वाढवण्यासाठी घातलेली रसायने, खर्ची पडतात आणि काजळी, धातूचे कण, पाणी, थोडे इंधन त्यात मिसळते. पाणी काढून, व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातन करून आणि नंतर रंग व वास घालवणारी प्रक्रिया केली की मूळ तेल पुन्हा वंगणासाठी वापरता येते. पण त्यासाठी पिंपात तेलाखेरीज दुसरे काही ओतलेले नसावे लागते. म्हणून मी नळी पार तळापर्यंत सोडून नमुना घेतो, कारण पाणी तळाशी बसते, आणि एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकतो. तो तडतडला तर पाणी आहे. पहिल्या दोन पिंपांचे थेंब शांतपणे पसरले. तिसऱ्याचाही पसरला, पण त्या पिंपाला एक गोडसर वास होता, म्हणून मी तांब्याची तार ज्योतीत लाल करून नमुन्यात बुडवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. याचा अर्थ तेलात क्लोरीन असलेले काहीतरी मिसळले होते, आणि असे तेल तापवले की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्रसामग्री गंजते.

विचारल्यावर उलगडा झाला. अंबडमधील एका प्लेटिंगच्या कारखान्यातून कोणीतरी वापरलेल्या टीसीईचे, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन या धातूवरचे तेलकट काढणाऱ्या क्लोरीनयुक्त द्रावकाचे, कॅन स्वस्तात आणून दिले होते. कार्ब्युरेटर त्यात लख्ख निघतात म्हणून पोरांनी ते वापरले आणि उरलेले काळे पाणी ‘तेलाच्याच’ पिंपात ओतले. मिस्त्रींना हे ठाऊक नव्हते. मी दोन पिंपांचे सात प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र, भरले आणि तिसऱ्यासाठी नकार लिहिला.

“भाऊ, मग याचं मी करू काय?” त्यांनी विचारले.

नियमाप्रमाणे उत्तर होते: ते घातक कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पाकडे पाठवा. असा प्रकल्प रांजणगावला आहे. पण एका पिंपासाठी नोंदणी, तपासणी आणि वाहन यांचा खर्च दुचाकीच्या गॅरेजने कसा करायचा, हे मला सांगता आले नाही. हिरवी ज्योत प्रमाण सांगत नाही, त्यामुळे मी बाटलीभर नमुना प्रयोगशाळेसाठी घेतला आणि अहवाल येईपर्यंत पिंप जपून ठेवा, एवढेच म्हणालो.

अहवाल आला तेव्हा क्लोरीन आमच्या प्रकल्पाला चालणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाले. माझा नकार बरोबर होता. मी कळवायला गेलो तेव्हा पिंप रिकामे होते. सेंटरिंगवाल्याने ते नेले होते. म्हणजे स्वच्छ तेल आम्ही नेले आणि त्या गॅरेजातले सर्वांत विषारी तेल हातमोज्यांशिवाय चिंधीने फळ्यांना लावणाऱ्या मजुरांच्या हाती गेले.

वंगण तेलाच्या उत्पादकांवर आणि आयातदारांवर जुन्या तेलाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून कायद्याने आली आहे, आणि ती तरतूद मला मनापासून आवश्यक वाटते. तरीही तिचा हिशेब शुद्ध होऊ शकणाऱ्या तेलाचा आहे. बिघडलेल्या पिंपाला त्यात वाली नाही. आमच्या कंपनीत मी सुचवले होते की नाकारलेला माल वेगळ्या, शिक्का मारलेल्या पिंपात निदान स्वखर्चाने उचलावा. गाडीत जागा नाही आणि परवान्यात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. दुसरे कारण खरे आहे. पहिले मी मान्य करत नाही.

दिवाळीनंतर त्या मिस्त्रींचा पुन्हा फोन आला. दोन पिंपे भरली होती आणि दोन्ही निर्दोष निघाली. पार्ट आता कशात धुता आणि ते पाणी कुठे टाकता, असे मी विचारले. त्यांनी पोराला चहा सांगितला आणि गाडी वळवायला जागा करून देण्यासाठी ते बाहेर गेले.